वाचक 'ग'

"मॅडम, वाचक 'ग'चं काहीतरी विचित्र आहे," रेश्मा मुजावर म्हणाली. माझ्या टेबलावरचा चहाचा कप तिने बाजूला सरकवला आणि कागद पसरला.

कागदावर दोन फुप्फुसांची बाह्यरेषा होती आणि आत लाल टिंबं. बहुतेक टिंबं डावीकडे वरच्या कोपऱ्यात दाटली होती, एखाद्या झाडाखाली पडलेल्या चिंचोक्यांसारखी. बाकीचा कागद जवळजवळ रिकामा.

"हे काय?"

"ज्या गाठी 'ग'ला सापडल्या नाहीत, त्यांच्या जागा. मी सहज मांडून बघितल्या."

ही मार्च २००८ची गोष्ट. मिरजेच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी क्ष-किरण विभागात काम करत होते. विभागप्रमुख होते डॉ. भालचंद्र टिकेकर, आणि त्यांच्यानंतर मी. रोजचे रिपोर्ट सांभाळून मी एक अभ्यास हाती घेतला होता. छातीचे दोनशे चाळीस एक्स-रे निवडले. त्यांतल्या ऐंशींमध्ये हरभऱ्याएवढी किंवा बोराएवढी गाठ होती, आणि ती नंतरच्या तपासण्यांत सिद्ध झालेली होती. पाच डॉक्टरांनी ते एक्स-रे संगणकावर वाचायचे आणि संशय येईल तिथे खूण करायची. शिकलेली नजर किती गाठी चुकवते आणि कुठे चुकवते, एवढंच मला बघायचं होतं. पाचवा डॉक्टर मिळेना, म्हणून मीही वाचायला बसले होते.

नावं झाकलेली होती. कार्यालयातल्या क्लार्कने चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक अक्षर दिलं आणि यादी पाकिटात बंद करून अधीक्षकांच्या कपाटात ठेवली. कोणतं अक्षर कुणाचं, हे रेश्मालाही ठाऊक नव्हतं आणि आम्हा वाचणाऱ्यांनाही नाही. ती संख्याशास्त्र शिकलेली होती, सव्वीस वर्षांची, आणि वैद्यकातलं तिला फारसं कळत नव्हतं. त्यामुळे ती फक्त आकडे बघायची. हा नियम मीच केला होता आणि त्याचा मला अभिमान होता.

"ऐंशीपैकी 'ग'च्या सव्वीस सुटल्या," रेश्मा म्हणाली. "तो आकडा फार नाही. 'घ'च्या चोवीस सुटल्यात. पण 'ग'च्या सव्वीसातल्या सतरा या एकाच कोपऱ्यात आहेत. तिथे होत्याच एकूण वीस."

"वाचायची सवय वाईट असेल."

"वाईट वाचणारा सगळीकडे चुकतो, मॅडम. हा बाकी सगळीकडे इतरांपेक्षा चांगला आहे. याला तो कोपरा दिसतच नाहीये."

मी कागदाची घडी घातली. 'ग' कोण, हे मला त्याच क्षणी कळलं असं वाटलं. टिकेकर सर चौसष्ट वर्षांचे होते. डिसेंबरमध्ये त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ट्रस्टने त्यांना दुसऱ्यांदा मुदतवाढ दिली होती. आणि आता लपवण्यात अर्थ नाही, त्यांची खुर्ची त्यानंतर माझ्याकडे येणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अधीक्षकांच्या नावाने पत्र लिहिलं. संबंधित डॉक्टरांचं वाचन तात्काळ थांबवावं, त्यांचे मागचे सर्व रिपोर्ट पुन्हा तपासावेत, रुग्णांना कळवावं. पत्र पाकिटात घातलं आणि ते देण्याआधी सरांना दाखवायला त्यांच्या खोलीत गेले. त्यांच्या पाठीमागे काही करायचं नाही, एवढी सभ्यता माझ्यात होती.

त्यांनी आधी लाल टिंबांचा कागद बघितला. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"बिचारा," ते म्हणाले.

मी पत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

"तुला वाटतंय हा मी आहे."

"हो, सर."

"म्हणजे शक्य आहे. माणसाला स्वतःचं कळत नाही यातलं." त्यांनी माझं पत्र वाचलं, दोनदा. "सगळे रिपोर्ट पुन्हा तपासायचे? किती मागे जायचं?"

"जिथपर्यंत संशय असेल तिथपर्यंत."

"आणि प्रत्येक पेशंटला कळवायचं."

"ज्यांचं सुटलं असेल त्यांना. कळवायलाच हवं."

"बरोबर आहे." त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं, की वाचक 'ग' जो कोणी असेल तो आज दुपारपासून वाचन थांबवेल आणि त्याचे रिपोर्ट पुन्हा तपासले जातील. खाली सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. "तूही कर. साक्षीदार म्हणून."

मी सही केली.

मग त्यांनी रेश्माला पाकीट आणायला सांगितलं. ती पाच मिनिटांत आली. सरांनी तिलाच ते फोडायला लावलं. तिने यादी वाचली आणि उभीच राहिली. माझ्याकडे हात पुढे केला होता, तो तिने मागे घेतला आणि यादी सरांना दिली.

सरांनी ती बघून टेबलावर पालथी ठेवली.

"रेश्मा, तू जा. दार लावून घे," ते म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी आपली खुर्ची माझ्यासमोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. "पद्मजा, उजवा डोळा झाक हाताने. माझ्या नाकाकडे बघ. नाकावरून नजर हलवायची नाही."

मी तसं केलं. त्या क्षणी मला खरंच वाटलं, की ते मला काहीतरी समजावून सांगताहेत. ही तपासणी स्वतःवर कशी करून घेतात ते.

"किती बोटं?"

"कुठली बोटं?"

मी नजर वळवली. त्यांचा हात माझ्या डाव्या बाजूला, डोक्याच्या जरा वर होता. दोन बोटं उभी. ती तिथे कधीपासून होती कोण जाणे.

"आता डावा डोळा झाक," ते म्हणाले.

दुसऱ्या डोळ्यालाही तसंच. डावीकडचा वरचा चतकोर दोन्ही डोळ्यांना नव्हता. तिथे काळं काही दिसत होतं असं नाही. तसं असतं तर मला पहिल्याच दिवशी समजलं असतं. मेंदू मोकळी जागा मोकळी दाखवत नाही. आजूबाजूला असेल तेच पसरून ती भरून टाकतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझा एमआरआय काढला. मीच तो वाचला. मेंदूच्या मागे उजव्या बाजूला, जिथे दृष्टीचं केंद्र असतं, तिथे खालच्या कडेला करंगळीच्या पेराहून लहान एक जुना व्रण होता. रक्तपुरवठा तेवढ्यापुरता बंद पडला होता. साध्या भाषेत अर्धांगाच्या झटक्याचं धाकटं भावंड. इतर कुणाचा असता तर मी तीन ओळींचा रिपोर्ट लिहिला असता. मी तेवढ्याच तीन ओळी लिहिल्या.

मेंदूविकारतज्ज्ञ म्हणाले, सहा महिने ते वर्षापूर्वीचा असेल. तेव्हा मला आदल्या जूनमधलं भाच्याचं लग्न आठवलं, जयसिंगपूरचं. दोन दिवस डोकं भयंकर दुखत होतं, मी गोळ्या घेऊन अक्षता टाकल्या होत्या. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या कपाटाचं उघडं दार तीन-चारदा कपाळावर लागलं होतं, दर वेळी डावीकडेच. मी सुताराला बोलावून ते दार काढून टाकलं होतं.

जून ते मार्च. नऊ महिने. रोज तीसेक छातीचे एक्स-रे तरी मी वाचत होते.

संध्याकाळी सर माझ्या खोलीत आले. त्यांच्या हातात तो सह्यांचा कागद होता.

"हा माझ्याकडेच आहे," ते म्हणाले. "अधीक्षकांकडे गेलेला नाही. गेलाच पाहिजे असं नाही."

"म्हणजे?"

"तुझं वाचन बंद. ते ठरलं. प्रकृतीचं कारण सांगू, ते खोटं नाही. नऊ महिन्यांचे सगळे एक्स-रे मी स्वतः पुन्हा वाचतो. काही निघालंच तर पेशंटला बोलावून घेऊ, उपचार सुरू करू. पेशंटचं नुकसान होणार नाही. बोभाटा कशाला करायचा? वीस वर्षं काम केलंयस तू."

आदल्याच दिवशी त्यांच्यासाठी मी लिहिलेलं पत्र माझ्या खणात होतं. 'रुग्णांना कळवावं' ही ओळ मी अधोरेखित केली होती.

"बरं, सर," मी म्हणाले.

हे मला नीट नोंदवायचं आहे. मी विचार करायला वेळ मागितला नाही, रडले नाही, आढेवेढे घेतले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी 'बरं' म्हणाले.

सरांनी सहा हजारांवर एक्स-रे सोळा दिवसांत वाचले, आपलं रोजचं काम सांभाळून. त्यांतून चार निघाले. दोघांचं दुसऱ्या डॉक्टरांनी मागाहून पकडलं होतं. एकाचा तो क्षयाचा जुना डाग ठरला. चौथे भरमू सातप्पा चौगुले, वय साठ, गडहिंग्लज. जुलैमध्ये खोकल्यासाठी आले होते. रिपोर्टवर 'दोष नाही' असं लिहून खाली माझी सही होती. त्यांना पत्र गेलं, की पुन्हा तपासणीसाठी यावं.

ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आले, बरोबर बायको. उंच, काटक माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. बायकोचं नाव शेवंताबाई. त्यांनी जेवणाचा डबा मांडीवर धरला होता. नवा एक्स-रे आणि स्कॅन सकाळीच झाला होता. सांगायचं काम सरांचं. मी कोपऱ्यात बसून राहणार होते. खरं तर न बसले तरी चाललं असतं.

सरांनी शांतपणे, सोप्या शब्दांत सांगितलं. फुप्फुसात गाठ आहे. तुकडा काढून तपासावा लागेल. चांगली नसण्याची शक्यता जास्त आहे. उपचार इथेच होतील, आजपासूनच सुरुवात करू.

चौगुले ऐकत होते. दोन्ही पेनं त्यांनी खिशात खालीवर केली.

"गेल्या आखाडात फोटू काढला हुता हितंच," ते म्हणाले. "तवा काय नव्हतं म्हणून सांगितलं."

"हो. तो रिपोर्ट मी बघितला," सर म्हणाले.

"मग हे तवा नव्हतं?"

सरांनी घसा साफ केला. "असं आहे चौगुले, या गोष्टी वाढायला किती वेळ घेतात ते माणसागणिक..."

"होतं," मी म्हणाले.

सर थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"तुमी कोन?" चौगुल्यांनी विचारलं.

"डॉक्टर उपाध्ये. तुमचा जुलैचा एक्स-रे मी वाचला होता. रिपोर्टवर सही माझी आहे. गाठ तेव्हाही होती."

शेवंताबाई एकदा माझ्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघत होत्या.

"दावा," चौगुले म्हणाले.

मी उठले. जुलैची फिल्म पाकिटातून काढली आणि भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीला लावली. ते जवळ आले. मी बोट उचललं, तेवढ्यात तेच म्हणाले, "हे का? बरगडीच्या आड, पांढुरकं?"

"तेच."

"हे दिसतंय की." त्यांच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं. "मला अडान्याला दिसतंय. तुमी घाईत हुता का त्या दिशी?"

"नाही. माझ्या नजरेचा तेवढा भाग गेला होता. डावीकडचा वरचा. मेंदूत छोटा झटका येऊन गेला, तो मला कळला नाही. आता तिथलं बघायचं तर मान वळवावी लागते."

मी मान वळवून दाखवली. कशासाठी दाखवली, कोण जाणे.

"तवा घावलं असतं तर?" शेवंताबाईंनी विचारलं. खोलीत आल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

सरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवायला सुरुवात केली होती, तो थांबला.

"तेव्हा गाठ लहान होती," मी म्हणाले. "ऑपरेशन करून काढता आली असती. बहुतेक तेवढ्याने भागलं असतं. आता ती आजूबाजूला पसरली आहे. नुसत्या ऑपरेशनने भागणार नाही."

त्यांनी डबा खाली जमिनीवर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. चौगुले फिल्मसमोरच उभे होते. मग ते माझ्याकडे वळले.

"आमच्यात डायवरचं डोळं तपासत्यात, ठरल्या येळंला. न्हाई पास झाला तर गाडी देत न्हाईत हातात. कितीबी जुना असंना. तुमचं डोळं कोन तपासतंय?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

"कुनीच न्हाई?"

"नाही."

"अजब हाय," ते म्हणाले आणि बायकोशेजारी जाऊन बसले.

ते गेल्यावर मी सरांकडे तो कागद मागितला. त्यांनी खणातून काढून दिला.

"तुला कळतंय ना, यातून काय काय होईल?"

"हो, सर."

"मी तुला वाचवत होतो."

"मला माहीत आहे."

ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आणि तो 'ग' मी निघालो असतो, तर?"

मी खरं उत्तर दिलं. "तर मी दुसऱ्याच दिवशी पत्र दिलं असतं."

त्यांनी मान हलवली. आमचे संबंध बिघडले नाहीत, पण ते वाक्य आमच्यात कायम राहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते. अधीक्षकांना मी तो कागद, टिंबांचं चित्र आणि माझा एमआरआय दिला. चौगुल्यांचा मुलगा इचलकरंजीहून आला, व्हरांड्यात सगळ्यांसमोर मला नको ते बोलला, तक्रार केली. चौकशी झाली. मी सगळं लिहून दिलं. उपचारांची जबाबदारी ट्रस्टने घेतली आणि चूक लेखी मान्य केली. वाचन मी सोडलं होतंच. मला काढून टाकणं ट्रस्टला अवघड वाटत होतं आणि ठेवून काय करायचं तेही कळत नव्हतं. म्हणून जुन्या फिल्म ठेवायच्या खोलीत एक टेबल दिलं आणि दारावर 'संशोधन विभाग' अशी पाटी लावली. त्या विभागात मी आणि रेश्मा. आज तिथे अकरा माणसं काम करतात आणि मला परिषदांमध्ये प्रमुख पाहुणी म्हणून बोलावतात. त्याची सुरुवात अशी झाली.

चौगुले उपचारांसाठी येत राहिले. मी त्यांच्या वाटेला जात नव्हते. ऑगस्टमध्ये एकदा वॉर्डातल्या नर्सचा फोन आला, की खाट क्रमांक नऊ मला बोलावतोय.

ते निम्मे झाले होते. डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला. शेवंताबाई मोसंबी सोलत होत्या. मला बघून त्या उठल्या आणि बाहेर गेल्या.

"झाली का सुरवात?" त्यांनी विचारलं.

"कसली?"

"डॉक्टरांचं डोळं तपासायची."

त्यांच्या त्या प्रश्नावरूनच मी तसा अर्ज केला होता, पण त्यांना ते सांगितलं नव्हतं. अर्ज करून दोन महिने झाले होते, तो अधीक्षकांकडे पडून होता. इतर विभागांतले डॉक्टर हसले होते; एकाने तर हा अपमान आहे असं लेखी कळवलं होतं.

"अजून नाही," मी म्हणाले. "लोक तयार होत नाहीत."

"डायवर तरी कुठं तयार असत्यात? आधी जो मोठा आसंल त्याला बसवा. मग बाकीचं येत्यात मुकाट."

"टिकेकर सर बसतील."

"बसवा मग." त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन ते म्हणाले, "आनि तुमी? आता काय करता दिवसभर?"

"माझी गाडी काढून घेतली. बसून असते."

"नापास झाल्याल्या डायवरला आमी घरी घालवत न्हाई. डेपोत घेतो. लई कामाचा असतोय त्यो. गाडी आत येताना नुसत्या आवाजावरनं सांगतोय, काय बिघडलंय ते."

मी खाली बघत होते. विचारायचं नाही असं ठरवून आले होते, ते विचारलं. "माझा राग येत नाही तुम्हाला?"

"येतोय की!" ते लगेच म्हणाले. "न्हाई कसा येनार? रात रात झोप न्हाई. हिच्याकडं बघवत न्हाई मला." त्यांनी टॉवेल नीट केला. "पर राग हाय म्हनून काम सांगायचं न्हाई, असं कुठं असतंय?"

त्यानंतर मी दर गुरुवारी जात राहिले. ते एकेक प्रश्न विचारत. तपासायचं किती दिवसांनी? नापास झाला तर सांगणार कोण? तपासणारा आपल्यातलाच असला तर तो सांभाळून घेणार नाही कशावरून? मी वहीत उतरून घेत असे. सप्टेंबरमध्ये टिकेकर सर नजरेचा आवाका तपासायच्या यंत्रासमोर बसले आणि पास झाले. मग बाकीचे आले. चौगुले पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले. तोवर सदतीस डॉक्टरांची तपासणी झाली होती. तिघांचा चष्मा बदलावा लागला, एकाच्या डोळ्यात काचबिंदू निघाला, ज्याची त्याला कल्पना नव्हती.

या कामावरचा निबंध पुढे एका परदेशी नियतकालिकाने स्वीकारला. छापण्याआधी संपादकांचं पत्र आलं. आभाराच्या यादीतल्या प्रत्येक व्यक्तीचं पद आणि संस्था लिहिणं आवश्यक आहे, 'बी. एस. चौगुले' या नावापुढे ती माहिती नाही, कृपया भरावी.

रेश्माने विचारलं, "काय लिहू, मॅडम? रुग्ण म्हणून लिहायचं का?"

"नाही," मी म्हणाले. "लिही, कंडक्टर, गडहिंग्लज डेपो."